उतारावरचा कर्ब जूनमध्ये ठरतो

सह्याद्रीच्या एकाच डोंगरावरून मातीचे दोन नमुने घेतले, एक देवराईतला आणि एक तिच्या खालच्या अंगाला असलेल्या नाचणीच्या वरकस (उतारावरच्या हलक्या जमिनीच्या) तुकड्यातला, तर मृदा आरोग्य पत्रिकेवर दोन्हींपुढे सेंद्रिय कर्ब (कार्बन) ‘अत्यंत जास्त’ असाच शेरा येण्याची शक्यता मोठी. महाराष्ट्रातल्या मोजपट्टीत एक टक्क्याच्या वर गेलं की शेवटचा रकाना लागतो. मग देवराईत ३.२ टक्के असोत की वरकसात १.४, शेरा तोच. शेतकरी खूश, कृषी सहायक खूश, आणि मधल्या काळात डोंगराने निम्म्याहून जास्त कर्ब गमावला असेल तर त्याचा कागदावर मागमूसही नाही.

यात प्रयोगशाळेची काही चूक नाही. ही पट्टी पिकाला नत्र किती मिळेल याचा अंदाज बांधण्यासाठी वापरतात. देशावरच्या कोरडवाहू जमिनीत, जिथे अर्धा टक्का कर्ब ही नेहमीची गोष्ट आहे, तिथे ती कामाची आहे. तीन-चार हजार मिलिमीटर पावसाच्या डोंगराळ मुलखात मात्र टक्केवारी एवढंच बघून भागत नाही. इथे विचारायचे प्रश्न तीन: कर्ब एकूण किती टन आहे, तो कुठल्या रूपात आहे, आणि जमिनीचा वापर बदलला की त्यातला किती, कुठल्या वाटेने जातो.

सुट्टा कर्ब, चिकटलेला कर्ब

मातीतल्या सेंद्रिय पदार्थाच्या वजनात साधारण ५८ टक्के कर्ब असतो. जगभरच्या जमिनींच्या वरच्या एका मीटरात मिळून तो सुमारे १,५०० अब्ज टन भरतो, म्हणजे हवेतला आणि सगळ्या झाडाझुडपांतला एकत्र केला तरी त्याहून जास्त. यातला निम्म्याहून थोडा अधिक ३० सेंटिमीटरच्या खाली असतो, आणि आपल्याकडची नेहमीची माती तपासणी १५ सेंटिमीटरवर थांबते. हे नुसतं ध्यानात ठेवावं.

हा कर्ब दोन रूपांत असतो, आणि तो फरक कळला नाही तर पुढचं काहीच उलगडत नाही. पहिला सुट्टा: पानांचे, मुळांचे अर्धवट कुजलेले तुकडे, चाळणीवर काळसर भुश्यासारखे दिसणारे. मातीचं ढेकूळ पाण्यात विरघळवलं की हेच वर तरंगतात. उष्ण हवेत ते काही वर्षांत, फार तर एखाद्या दशकात संपतात. दुसरा चिकटलेला: जिवाणू आणि बुरशी पाला खातात, मरतात, आणि त्यांच्या शरीरांचे अवशेष मातीच्या अतिसूक्ष्म कणांना बिलगून बसतात. हा दशकंच काय, शतकंही टिकू शकतो. जांभ्याच्या लाल मातीत लोखंडाची आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात आणि ती कर्ब चांगला धरतात. मातीला लाल रंग देणारा गंजच तिच्या कर्बाचा राखणदार आहे म्हणा ना.

डोंगराची दुसरी देणगी म्हणजे थंडावा. उंची किलोमीटरभर वाढली की तापमान सुमारे ६ अंशांनी उतरतं, आणि तापमान १० अंशांनी उतरलं की कुजण्याचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. महाबळेश्वर १,३७० मीटरच्या आसपास आहे. तिथे पडलेलं पान किनाऱ्यावरच्या पानापेक्षा सावकाश कुजतं, म्हणून उंचावरच्या रानातली माती काळसर, भुसभुशीत आणि हाताला हलकी लागते. पण याचा अर्थ गमावण्यासारखंही तिथेच जास्त आहे. जुनं रान मोडून तिथे दरवर्षी वाफे उकरायला लागलं, मातीत हवा आणि ऊन शिरलं, की थंडीने शिल्लक ठेवलेली ही ठेव पहिल्या पाच-दहा वर्षांतच झपाट्याने उतरते. पुढे उतरण्याचा वेग कमी होतो, कारण सुट्टा कर्ब आधीच संपलेला असतो. परत भरायला मात्र अनेक दशकं लागतात.

टक्क्यांवरून टनांकडे

हिशोब सोपा आहे. कर्बाची टक्केवारी × मातीची घनता (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) × खोली (सेंटिमीटर) = हेक्टरी टन. डोंगरात त्याला आणखी एक गुणक लावावा लागतो, तो खड्यांचा. प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात आणि वर राहिलेले खडे फेकून देतात. टक्केवारी निघते ती फक्त खाली पडलेल्या मातीची. शेतात मात्र त्या खड्यांनी जागा अडवलेली असते.

समजा, देवराईत कर्ब ३.२ टक्के, घनता ०.९५, खडे आकारमानाने १० टक्के. ३० सेंटिमीटरपर्यंत ३.२ × ०.९५ × ३० × ०.९ म्हणजे सुमारे ८२ टन. खालच्या वरकसात कर्ब १.४ टक्के, घनता १.३, खडे ३० टक्के. १.४ × १.३ × ३० × ०.७ म्हणजे सुमारे ३८ टन. खडे विसरलात तर हाच आकडा ५५ टन दिसतो आणि डोंगराचं नुकसान कागदावर १७ टनांनी कमी होतं. कर्बाचे ‘प्रकल्प अहवाल’ वाचताना खड्यांचा रकाना आहे का हे आधी बघावं. बऱ्याचदा तिथेच पाणी मुरतं.

घनतेचा घोळ आणखी बारीक आहे. गुरांच्या खुरांनी किंवा यंत्रांनी माती दबली की ३० सेंटिमीटरच्या त्याच खोलीत जास्त वजनाची माती मावते, आणि कर्ब न वाढताही ‘वाढलेला’ दिसतो. म्हणून जमिनीचा वापर बदलण्याआधीची आणि नंतरची तुलना सारख्या खोलीवर न करता मातीच्या सारख्या वजनावर करावी लागते: आधी हेक्टरी ३,००० टन माती मोजली असेल तर नंतरही तेवढीच मोजायची, खोली २६ सेंटिमीटर भरली तरी चालेल.

पहिल्या पावसाआधीचे आणि नंतरचे दिवस

सपाट जमिनीत कर्ब मुख्यतः कुजून हवेत जातो. उतारावर त्याच्या जोडीला दुसरी वाट असते, वाहून जाण्याची, आणि सह्याद्रीत ही वाट वर्षातून एकदाच सताड उघडते. मे संपता संपता डोंगराकडे बघा. फेब्रुवारी-मार्चच्या वणव्याने गवताळ उतार काळे झालेले. वरकस तुकडे नाचणीसाठी साफ केलेले. काजूच्या बागेत पालापाचोळा झाडून पेटवलेला. नव्या बागेसाठी जेसीबीने काढलेले लाल टप्पे उघडे. राबाची, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची, जमीन भाजून तयार. म्हणजे वर्षभरात जमीन सगळ्यांत जास्त उघडी असते नेमकी तेव्हा, जेव्हा सर्वांत मोठे थेंब पडायचे असतात. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर गवत उगवतं, नाचणी अंग धरते, झाकण बसतं. पण तोवर ओढ्याचं पाणी चहासारखं झालेलं असतं.

त्या रंगाचा हिशोब करता येतो. एक हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली तर ती १० घनमीटर, म्हणजे सुमारे १२ टन. वरच्या थरात ३ टक्के कर्ब धरला तर ३६० किलो कर्ब एका मिलिमीटरमागे. प्रत्यक्षात थोडा जास्तच, कारण सुट्टा कर्ब हलका, तो आधी तरंगून निघतो. आता जमेची बाजू बघा: हेक्टरी ५ टन शेणखत घातलं तर त्यातून साधारण ७५० किलो कर्ब येतो आणि उष्ण हवेत वर्षा-दोन वर्षांत त्याचा बराचसा भाग उडून जातो. उरतो तो त्या एका मिलिमीटरची भरपाई करायलाही अपुरा. म्हणून उतारावर खत घालण्याच्या आधी माती झाकण्याचं काम येतं.

पहिल्या पावसात आणखी एक गोष्ट घडते, ती डोळ्यांना दिसत नाही. सहा-सात महिने कोरड्या पडलेल्या मातीत पाणी शिरलं की जिवाणूंना एकदम भरपूर खाद्य मिळतं आणि काही दिवसांत कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट बाहेर पडतो. केनियाच्या उंच प्रदेशातल्या मातींवर काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५० च्या दशकात हे नीट मोजून दाखवलं, म्हणून याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. वर पाचोळ्याचा थर असेल तर माती पूर्ण कोरडी पडत नाही, ढेकळं फुटत नाहीत, आणि हा झटका सौम्य बसतो. उघड्या, भाजलेल्या जमिनीत तो पुरेपूर बसतो.

राब, नाचणी आणि खाचर

राबाबद्दल बाहेरून आलेली माणसं फार सहज बोलतात. ऐन-किंजळीच्या झाडांची कवळं (डहाळ्या) तोडायची, त्यांवर पाला, गवत, शेण पसरायचं, वरून मातीचा पातळ थर द्यायचा आणि भाजायचं, यामागे पक्कं शहाणपण आहे. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, माती मऊ होते, रोपं उपटताना मुळं तुटत नाहीत. अडचण रोपवाटिकेच्या त्या तुकड्यात नाहीच. एक हेक्टर लावणीला सुमारे १० गुंठे रोपवाटिका लागते. कर्बाचा तोटा होतो तो जिथून कवळं आणि पाला आणला त्या डोंगरावर. तिथल्या मातीला मिळायचा खुराक दरवर्षी खाली उतरवला जातो आणि जाळला जातो. जळताना बहुतेक कर्ब हवेत जातो. थोडा कोळसा होऊन उरतो. कोळसा मातीत फार काळ टिकतो हे खरं, पण तो उरतो खाचरात; डोंगराच्या वाट्याला काही येत नाही.

नाचणीचा जुना फेरा वेगळा होता. एक वर्ष नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा कारळा, आणि नंतर काही वर्षं जमीन पड. पड काळात गवत-झुडपं वाढायची आणि मुळांतून कर्ब परत जमायचा. जमिनीचे तुकडे पडत गेले, पड कमी होत गेली, आणि फेऱ्यातला भरपाईचा भागच गळाला. नाचणी तीच राहिली. दोष पिकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

नाचणीची एक गंमत शास्त्रज्ञांना फार उपयोगी पडते. नाचणी, वरी, ज्वारी आणि बहुतेक उष्ण प्रदेशातली गवतं हवेतला कर्ब ज्या रीतीने घेतात ती रीत झाडांपेक्षा वेगळी असते. त्यामुळे त्यांच्या कर्बात जड कर्बाचं, म्हणजे कार्बन-१३ चं, प्रमाण निराळं पडतं: झाडांचा आकडा साधारण उणे २७ दर हजारी, गवतांचा उणे १२. रान तोडून नाचणी घेतलेल्या जमिनीचा आकडा उणे २२ आला, तर त्यातला सुमारे एक तृतीयांश कर्ब नाचणी-गवताचा आणि दोन तृतीयांश अजून जुन्या रानाचा, असं सांगता येतं. रानाचा कर्ब किती वेगाने संपतोय हे असं कळतं. भातावर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण भाताची रीत झाडांसारखीच आहे.

खाचराचं गणित उलटं. डोंगरावरून वाहून आलेली माती बांधाने अडते, गाळ साचतो, आणि पावसाळाभर पाणी उभं असल्याने हवेविना कर्ब सावकाश कुजतो. डोंगराच्या तोट्यातला काही भाग इथे जमेला लागतो. पण हवेविना कुजताना मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या मोजमापात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक ठरतो. खाचरातला कर्ब वाढला एवढ्यावर टाळ्या वाजवता येत नाहीत.

झाडं लावली म्हणजे कर्ब वाढला?

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. उष्ण कटिबंधातल्या ३८५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ साली आक्सेल डॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. मूळ जंगल तोडून हंगामी शेती केली तर मातीतला कर्ब सरासरी २५ टक्क्यांनी घटतो, आणि जंगलाच्या जागी बहुवार्षिक लागवड, म्हणजे बागा-मळे, केले तर ३० टक्क्यांनी. चराऊ गवताळ जमीन केली तर १२ टक्क्यांनी. मागाहून आपोआप उगवलेल्या जंगलात मूळच्यापेक्षा सुमारे ९ टक्के कमी. बाग शेतीपेक्षा बरी असणार ही आपली सहज समजूत या सरासरीत तरी टिकत नाही.

हे कसं होतं ते कोकणात चालत गेलं तरी दिसतं. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून आंबा-काजूच्या बागा डोंगरभर गेल्या. जिथे पडीक, खंगलेल्या वरकसावर काजू लावला आणि खालचं गवत राखलं, तिथे मातीचं भलंच झालं. जिथे दाट रान काढून बाग केली तिथे हिशोब उलटला. दोडामार्ग भागात रबराच्या मळ्यांसाठी रान साफ झालं, तिथेही तेच. वरून पाहिलं तर सगळं हिरवं. खाली बघितलं तर एका जातीचा पाला, झुडूप नाही, वेल नाही, आणि तणनाशकाने वर्षातून दोनदा साफ केलेली लाल जमीन.

सर्वांत वाईट काम होतं ते पहिल्याच आठवड्यात, लागवडीच्याही आधी. जेसीबी उतार कापून टप्पे काढतो. वरचा १५-२० सेंटिमीटरचा काळसर थर, ज्यात कर्ब, मुळं, बुरशीचं जाळं सगळं असतं, तो खालच्या टप्प्याच्या भरावात गाडला जातो आणि वर येते पिवळसर-लाल, चिकट, निर्जीव माती. कलम लावलं की दोन वर्षं ते जागचं हलत नाही. मग खत, औषधं, टँकर. भराव सैल असतो, दुसऱ्या पावसाळ्यात त्याची कड ढासळते आणि गाडलेला थरही ओढ्याला लागतो.

गवताळ माळ आणि सडे (जांभ्याचे सपाट कातळमाथे) यांची गोष्ट आणखी निराळी. ‘ओसाड’ समजून तिथे झाडं लावण्याची हौस जुनी आहे. गवत आपला कर्ब मुळांतून जमिनीत घालतं, म्हणून माळाखालची माती बरेचदा शेजारच्या विरळ रानाइतकीच श्रीमंत असते. २००२ च्या एका जागतिक आढाव्यात गवताळ जमिनीवर वृक्षलागवड केल्यावर मातीतला कर्ब सरासरी १० टक्क्यांनी घटलेला आढळला, आणि पाइनसारख्या झाडांखाली घट अधिक होती. निलगिरी पर्वताच्या माथ्यावरच्या शोला-गवताळ प्रदेशात वॅटल, युकॅलिप्टस आणि पाइनची लागवड कशी पसरली हे दक्षिणेत सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या जांभ्याच्या सड्यावर तर काही ठिकाणी मातीच दोन-चार बोटं असते. तिथे ब्रेकरने कातळ फोडून खड्डे करायचे आणि दुसरीकडून माती आणून भरायची, म्हणजे एका जागेचा कर्ब उचलून दुसरीकडे ठेवायचा, तोही वाटेत सांडत.

काय केल्याने फरक पडतो

नवी बाग करायचीच असेल तर टप्प्यांऐवजी प्रत्येक झाडापुरता अर्धचंद्राकृती ओटा पुरतो, त्रिज्या दीड ते दोन मीटर, कड उताराच्या बाजूला. टप्पे टाळणं शक्यच नसेल तर यंत्रवाल्याला आधी वरचा २० सेंटिमीटर थर बाजूला काढून ढीग करायला लावावं, मग कापणी-भराव, मग तोच थर वर परत पसरावा. खर्च वाढतो, तासांचं भाडं वाढतं, म्हणून कोणी करत नाही. डोंगराळ भागात माणसांनी मिळून खाचरं पाडण्याच्या जुन्या पडकईच्या कामाला वेळ लागायचा, पण वरची माती वर ठेवायला सवड तरी मिळायची. भरावाच्या कडेवर पहिल्याच पावसाळ्यात वाळा किंवा गवती चहा लावावा, दोन रोपांत १०-१५ सेंटिमीटर अंतर. विरळ लावला तर पाणी मधून वाट काढतं आणि तिथेच घळ पडते.

सलग समतल चराबद्दल, म्हणजे एकाच उंचीवर उताराला आडव्या खोदलेल्या अखंड चराबद्दल, सावध राहिलेलं बरं. कमी पावसाच्या भागात तो उत्तम. अतिपावसाच्या खड्या उतारावर मात्र तो भरून वाहतो, एका जागी फुटतो, किंवा पाणी मुरून मुरून उतारच जड होऊन सुटतो. तिथे चर तुटक ठेवावेत आणि जादा पाण्याला दगडी सांडवा द्यावा. खोदलेली माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला.

काजूच्या बागेत पाला पेटवण्याचं कारण खरं आहे: पडलेली बी दिसायला हवी. पण त्यासाठी झाडाच्या घेराखालचीच जागा साफ केली तरी भागतं. तो पाला ओळींमधल्या पट्ट्यात ओढून ठेवावा. गवत कटरने कापताना ८-१० सेंटिमीटर उंचीवर कापावं, म्हणजे मूळ जिवंत राहतं आणि पावसाच्या पहिल्या दिवशी जमीन उघडी नसते. तणनाशकाने मूळ मरतं, आणि जूनमध्ये जमिनीवर काहीच नसतं.

राबाला पर्याय आहे. एक मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच गादीवाफे करून त्यात भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळली की रोपं चांगली येतात आणि उपटायला सोपी जातात. चारसूत्री भातलागवडीत हेच करतात, शिवाय बांधावरच्या गिरीपुष्पाचा कोवळा पाला चिखलणीआधी खाचरात टाकतात. गिरीपुष्प इथे नुसतं खत म्हणून येत नाही. मातीत कर्ब चिकटवायचा तर त्याला नत्राची जोड लागते. टिकाऊ सेंद्रिय पदार्थात साधारण १२ भाग कर्बाला एक भाग नत्र असतं, म्हणजे टनभर कर्ब टिकवायला सुमारे ८० किलो नत्र. नुसता पेंढा गाडला तर जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, भात पिवळा पडतो, आणि शेतकरी पुढच्या वर्षी पेंढा जाळतो.

नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा भात तंत्र याहून पुढे जातं: कायमचे गादीवाफे, नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच. माती न हलवता मुळं आत कुजू देणं हा कर्बासाठी सरळ फायद्याचा मार्ग आहे. तणनाशकावरची मदार ही त्याची दुखरी बाजू.

मोजायचं ठरवलंत तर

नमुना दिवाळीनंतर, माती वाफशावर असताना घ्यावा आणि पुढच्या वेळीही त्याच महिन्यात. उताराचा माथा, मधला भाग आणि पायथा यांचे नमुने कधीही एकत्र करू नयेत. पायथ्याचा गाळ सगळी सरासरी वर ओढतो. वरचा पाचोळा हाताने बाजूला करायचा, खरवडायचा नाही. प्रत्येक भागात ८-१० जागी ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे वेगळे नमुने घ्यावेत, घमेल्यात कालवून ढिगाचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, असं अर्धा किलो राहीपर्यंत. जुन्या राबाची जागा, शेणाचा ढीग, बांधाजवळचा भाग टाळावा.

घनतेसाठी ५ सेंटिमीटर व्यासाचं, ५ सेंटिमीटर उंचीचं लोखंडी कडं ठोकून बसवायचं. त्यात ९८ घनसेंटिमीटर माती मावते. ती १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजन केलं, ते ११२ ग्रॅम भरलं तर घनता १.१४. जांभ्याच्या खड्यांत कडं शिरतच नाही. मग छोटा चौकोनी खड्डा खणून सगळी माती पिशवीत भरावी, खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक पसरावं आणि काठापर्यंत मोजून पाणी ओतावं. पाण्याचे लिटर म्हणजे खड्ड्याचं आकारमान. वेगळे केलेले खडे पाण्यात बुडवून त्यांचंही आकारमान काढता येतं.

प्रयोगशाळेत सहसा १९३४ पासून चालत आलेली वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात: पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल. ती सरासरी ७७ टक्केच कर्ब पकडते, म्हणून आकडा १.३ ने गुणतात. कोळसा ती अर्धवटच पकडते, त्यामुळे भाजणीच्या जमिनीत आकडा फसवा निघतो. पैसे असतील तर नमुना जाळून मोजणाऱ्या यंत्रावर तपासावा. देशावरच्या काळ्या जमिनीत चुनखडीमुळे त्या यंत्राला आधी आम्लाचा उपचार लागतो. सह्याद्रीच्या आम्लधर्मी लाल मातीत चुना नसतो, ती कटकट वाचते.

आणि कोणी तीन वर्षांत कर्ब वाढवून त्याचे क्रेडिट विकून देतो म्हणाला, तर एवढं गणित पुढे ठेवावं. २०१५ च्या पॅरिस परिषदेच्या वेळी मांडलेलं ‘हजारी चार’चं लक्ष्य, म्हणजे मातीतला कर्ब दरवर्षी हजारात चार भागांनी वाढवण्याचं, बऱ्यापैकी महत्त्वाकांक्षी मानतात. हेक्टरी ६० टन कर्ब असलेल्या जमिनीत ते वर्षाला २४० किलो होतं, पाच वर्षांत १.२ टन. ३० सेंटिमीटरपर्यंत माती सुमारे ३,६०० टन. म्हणजे पाच वर्षं सगळं नीट केल्यावर अहवालावरचा आकडा १.६७ वरून १.७० होणार, आणि त्याच उतारावर दहा पावलं बाजूला सरकून घेतलेल्या दोन नमुन्यांतला फरक त्याहून कितीतरी मोठा निघतो.